गंगावन

नमुना ४४१७ खोटं बोलत होता. बुधवारी सकाळी साडेदहाला मी 'विसंगत' या चौकटीत खूण केली, सही केली आणि चहा प्यायला गेले.

आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यांना नावं नसतात, आकडे असतात. ही सूचना माझीच. आंबर हे एवढंसं बेट. अर्जदार कुणाचा तरी चुलता नाहीतर शेजारी निघायचाच. आकड्याला चुलता नसतो.

आंबर आणि पेलिका यांच्यामध्ये बोटीने सात तासांचं पाणी आहे. ऐंशी वर्षांपूर्वी हा एकच देश होता. आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर आले तेव्हा काही इथे उतरले, काही तिथे. बोटवाल्याने जिथे उतरवलं तिथे. कारकुनाने त्यांची नावंच आडनावाच्या रकान्यात लिहिली. म्हणून मी माहेरची बापूजी आणि सासरची सखाराम. विशाखा सखाराम.

देश दोन झाले तरी बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. लग्नं इकडची तिकडे होत राहिली. मग दोन्ही बेटांच्या मधल्या उंटपाठ नावाच्या वाळूच्या पट्ट्यावरून भांडण लागलं. तिथली मासेमारी कोणाची, हे कायम रहिवाशांच्या मतदानाने ठरणार होतं. पेलिका आपली माणसं चोरून आमच्या यादीत घुसवते आहे, असं आमचं सरकार म्हणू लागलं. त्यांचं सरकार आमच्याबद्दल तेच म्हणत होतं. राजदूत माघारी गेले, व्हिसा बंद झाले. पुन्हा सुरू झाले ते एका नियमासह: मागच्या तीन वर्षांत नव्वद दिवसांहून जास्त काळ दुसऱ्या देशात राहिलेल्याला व्हिसा नाही, आणि ते लपवणाऱ्याचा पासपोर्ट दहा वर्षांसाठी जप्त.

कोण कुठे राहिलं हे ठरवायचं कसं? तिथे माझं यंत्र आलं.

पाणी सगळीकडे सारखं नसतं. त्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे काही अणू किंचित जड असतात. ढग डोंगर चढताना जड पाणी आधी पडून जातं, वर पोचतं ते हलकं. आंबरला ज्वालामुखीचा डोंगर आहे, आम्ही त्याच्यावरच्या पावसाचं पाणी पितो. पेलिका पोवळ्यांचं, सपाट. तिथे विहिरीसुद्धा खाऱ्या. ते समुद्राचं पाणी गाळून पितात, आणि समुद्राचं पाणी जड. हा फरक जिभेला कळत नाही, पण केसात उतरतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्या महिन्यात प्यालेलं पाणी त्यात कायमचं राहतं. आमचं यंत्र केसावर लेझरचे बारीक टिपके मारत मुळाकडून टोकाकडे जातं. छत्तीस सेंटिमीटर म्हणजे तीन वर्षं. या नोंदीला आम्ही केशलेख म्हणतो.

"माणूस कागद बदलू शकतो, मागच्या मार्चमध्ये प्यालेलं पाणी बदलू शकत नाही." हे मी मंत्र्यांसमोर म्हटलं होतं. दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांनी ते छापलं. पेलिकानेही तेच यंत्र घेतलं.

४४१७ चा केस पस्तीस सेंटिमीटरचा होता. पहिले एकतीस जड, शेवटचे चार हलके. म्हणजे ही व्यक्ती गेल्या आठवड्यापर्यंत जवळजवळ अडीच वर्षं पेलिकाला होती. अर्जात लिहिलं होतं: नऊ वर्षांत आंबर सोडलेलं नाही.

दुपारी जेवायला बाहेर निघाले. फाटकावर शेवंतीने माझी पिशवी उघडली, डबा उघडला, डब्यातला डबा उघडला. प्रयोगशाळेतून काहीही बाहेर जाऊ नये म्हणून तिला नेमलेली. गेल्या वर्षी तिच्या भावजयीला माझ्या सहीने व्हिसा नाकारला गेला, तेव्हापासून माझी तपासणी जरा जास्तच सावकाश होते.

"वांगं," ती झाकण लावत म्हणाली. "कालही वांगंच होतं, मॅडम."

"उद्याही असेल."

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"विशू, व्हिसा अडला गो माझा. काय ते विसंगत की काय लिहिलंय. आता शुक्रवारची बोट कशी पकडू?"

"कसला व्हिसा? तू पेलिकाला चाललीस?"

"तुझ्या तुळसामावशीला आणायला. तुला रविवारी सांगणारच होते."

"पावतीवर आकडा काय आहे, आई?"

तिने चष्मा शोधला. मी तिचे ड्रॉवर उघडण्या-मिटण्याचे आवाज ऐकत राहिले.

"चार, चार, एक, सात."

शेवंती माझ्याकडे बघत होती. मी डबा घेऊन परत आत गेले.

दर रविवारी मी आईकडे जेवते. माझी आई यमुना बापूजी अडीच वर्षं पेलिकाला राहिली असेल, तर तिच्या हातची आमटी मला गेल्या रविवारी कोणी वाढली? यंत्र चुकत नाही. आई समोर होती. दोन्ही खरं असू शकत नव्हतं.

उरलेला केस मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. केसाच्या अंगावर कौलांसारखे खवले असतात आणि कौलांची टोकं नेहमी केसाच्या टोकाकडे वळलेली असतात. इथे ती, अर्जदारांचे नमुने घेणाऱ्या आमच्या ओडेतने कात्री लावलेल्या बाजूकडे वळलेली होती. म्हणजे मी ज्याला मूळ समजले ते टोक होतं. केस उलटा वाचला गेला होता.

मी खालची बाजू काचेखाली आणली आणि तिथेच थांबले. ते टोक सुईसारखं निमुळतं होत तुटलेलं होतं. केस असा एकाच कारणाने तुटलेला मी पाहिला आहे. कर्करोगाच्या औषधांनी त्याची वाढ एकदम खुंटते, मूळ बारीक होत जातं आणि तिथेच तुटतं.

सरळ वाचलं तर आता असं दिसत होतं: एकतीस महिने पेलिकात, मग चार महिने आंबरमध्ये, मग औषध.

आजारी कोण होतं?

संध्याकाळी मी आईकडे पोचले तेव्हा ती विळीवर नारळ खवत बसली होती. मी पायताण काढायच्या आधीच विचारलं, "आई, तू आजारी आहेस?"

"मी? ह्या मेल्या गुडघ्यांपलीकडे मला काही नाही. का गो?"

"अंबाडा सोड."

"काय?"

"सोड म्हणते ना."

तिने खवणं थांबवलं, हात पुसले आणि आकडे काढले. तिचे स्वतःचे पांढरे, विरळ केस खांद्यापर्यंत आले. हातात राहिली ती काळी-करडी जाड वेणी. गंगावन. मी लहानपणापासून ते तिच्या कपाटात पाहिलं आहे. लग्नाला जाताना, देवळात जाताना आणि सरकारी ऑफिसात जाताना ती ते लावते. सरकारी ऑफिसात विशेषकरून. केस विरळ दिसले की कारकून बसायलाही सांगत नाहीत, असं तिचं मत.

"तुझ्या ओडेतबाईने विचारलं, आजी, केस कुठून घेऊ? मी म्हटलं, इथून घे, इथे दाट आहेत. तिला बरं वाटलं. म्हातारीच्या डोक्यात कुठे हात घालायचा."

"यात कोणाचे केस आहेत?"

"गुंतवळ आहे. विंचरताना निघालेली. फेकायची थोडीच असते! दुसऱ्याच्या पायाखाली आली की भांडणं होतात." ती हसली. "दोन सरकारांच्या पायाखाली आली बघ."

मी हसले नाही. "तुळसामावशीचे आहेत ना?"

तिने विळी बाजूला सरकवली. पातं आधी आडवं केलं, मग सरकवली.

"टुना पकडणाऱ्या बोटीतून आली," ती मग म्हणाली. "गेल्या वर्षी. पेलिकाला हे औषध मिळत नाही, त्यांच्याकडे मशीनच नाही. व्हिसाचा अर्ज केला तर तुमचे लोक म्हणणार, मतदार घुसवताहेत. सहा महिने इथे होती, मागच्या खोलीत. आधी चार महिने तपासण्या आणि नंबर लागायची वाट. मग औषध सुरू झालं आणि एका आठवड्यात उशी भरून केस. तिला ते बघवेनात. मी उचलून ठेवले."

"इस्पितळात नाव काय लावलं?"

"माझं. माझ्या कार्डावर. तोंडवळा एकच आहे आमचा."

मला आठवलं. गेल्या वर्षी सहा महिने आई रविवारी माझ्याकडे जेवायला यायची. घरात वाळवी लागली आहे, औषध मारलंय, तू येऊ नको, शिंका येतील, असं तिने सांगितलं होतं. मी वाळवीच्या औषधातल्या रसायनाचं नाव विचारलं होतं. तिने तेही सांगितलं होतं.

"वाळवी नव्हतीच," मी म्हटलं.

"नव्हती."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी अजून पायातच असलेलं पायताण काढलं आणि तिच्याशेजारी बसले.

"तेच. तू लहानपणी शेजारणीचे आंबे कोणी चोरले विचारलं की हात वर करायचीस. चोरले नसलेस तरी. मी पाहिलं म्हणून सांगायला." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुला खोटं बोलायला लागू नये, म्हणून मी बोलले. राग धर हवा तर."

राग होता. तो नियम मोडल्याचा होता की पाठीमागच्या खोलीत मावशी असताना मला वाळवी सांगितल्याचा, हे मला वेगळं करता येईना. आणखी कशाकशाला वाळवी म्हटलं असेल, याचा हिशेब मी मनात करत होते, आणि आई ते ओळखून होती.

"आता तर सगळं रीतसर आहे," ती म्हणाली. ते खरं होतं. गेल्या महिन्यात दोन्ही परराष्ट्रमंत्री भेटले आणि नव्या संबंधांची सुरुवात म्हणून पहिला करार रुग्णांचा झाला. पेलिकाचा रुग्ण आंबरला उपचारांसाठी येऊ शकतो, पण आंबरच्या नातेवाइकाने स्वतः जाऊन त्याला घेऊन यायचं. दोघांचीही नावं स्वच्छ हवीत. रुग्णांचा केशलेख घेत नाहीत. बहुतेकांना केसच नसतात. मावशीचा आजार परतला होता. दुसरा उपचार सोमवारी सुरू व्हायचा होता. आई गेली नाही तर मावशी येणार नाही. मावशी मागे चोरून आली होती हे कळलं, तर ती कधीच येणार नाही.

गुरुवारी सकाळी मी दुरुस्ती-अहवाल लिहिला. नमुना अर्जदाराच्या टाळूवरचा नव्हता, गंगावनातला होता. तो उलट दिशेने वाचला गेला. चूक माझी. लांब वेणीतून घेतलेल्या नमुन्यांवर याआधी एकतीस बायकांना नकार दिला आहे, त्या सगळ्यांची फेरतपासणी व्हावी. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. केस कोणाचा, ही चौकट अहवालात नव्हती.

तासाभरात सुरक्षा विभागाच्या लेबोनचा फोन आला.

"मादाम सखाराम, यंत्र चुकत नाही असं तुम्हीच सांगितलं होतं."

"यंत्र चुकलं नाही, मस्ये लेबोन. मी केस उलटा धरला."

"आणि हे गंगावन म्हणजे काय असतं?"

मी समजावलं.

"म्हणजे तुमच्या बायका दुसरीचे केस डोक्यावर घेऊन फिरतात?"

"दीडशे वर्षं. बोटीतून येतानाही आणलं होतं."

"आणि कोणीच मला सांगितलं नाही." त्याच्या आवाजात खरोखरच दुखावल्यासारखं काहीतरी होतं. "ही बापूजी बाई तुमच्या ओळखीची?"

"आमच्या लोकांत कोण कोणाच्या ओळखीचं नाही?"

तो हसला. लेबोन हसतो तेव्हा काहीतरी लिहून घेत असतो.

फेरतपासणी त्याच दुपारी झाली. ओडेतने या वेळी आईच्या मानेवरचे केस घेतले, शिवाय नखंही. सगळं हलकं पाणी, थेट डोंगरावरचं. व्हिसाचा शिक्का बसला. गंगावन ट्रेमध्ये राहिलं होतं आणि ओडेतने नोंदवहीत 'प्रयोगशाळेच्या ताब्यात' असं लिहून ठेवलं.

शुक्रवारी बाराच्या बोटीला मी आईला सोडलं. गंगावनाशिवाय तिचं डोकं फारच लहान दिसत होतं.

"जाळू नकोस हां ते," ती म्हणाली.

"ताब्यात आहे, आई. माझं नाही ते."

"तुझं नाही कसं?" असं म्हणून ती शिडी चढली.

एक वाजता लेबोनचा पुन्हा फोन.

"त्या वेणीतले पन्नास केस मोजून पाकिटात बंद करा, मादाम. तीनला माझा माणूस येईल. वाचन राजधानीतल्या यंत्रावर होईल. बोट सातला पेलिकाला लागते. काही निघालं तर तिथल्यांना धक्क्यावरच कळवता येईल. आता आमचे संबंध सुधारले आहेत ना."

मी गंगावन पांढऱ्या कागदावर उलगडलं. वरवर ते एका रंगाचं दिसतं, पण दिव्याखाली त्यात वेगवेगळे केस होते. आईचे, पांढरे आणि मऊ. मावशीचे, करडे, एका बाजूला सुईसारखे. आणि तिसरे: काळे, जाड, राठ, वरून कात्रीने सरळ कापलेले. हेच सगळ्यात जास्त होते. वेणीचं सगळं अंग त्यांचंच होतं.

ते माझे होते.

सहा वर्षांपूर्वी इथे रुजू झाले तेव्हा मी वेणी कापली. प्रयोगशाळेत लांब केस नकोत; आपलेच केस नमुन्यांत पडतात. ती मी आईच्या न्हाणीघरातल्या कचऱ्यात टाकली होती. आईने ती उचलली असणार आणि झिजलेलं जुनं गंगावन तिच्यावर नव्याने बांधलं असणार. पुढे मावशीचे केस गळले तेव्हा ते तिने माझ्यात गुंफले. ज्या सहा महिन्यांची मला कल्पनाही नव्हती, त्यांत मी अशी होते.

नमुना डोळे मिटून निवडायचा असतो. कुठल्याही केसाला निवडलं जाण्याची सारखीच संधी मिळाली पाहिजे, हे मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवते. त्या दुपारी मी एकेक केस चिमट्याने दिव्याखाली धरला. दोन्ही बाजू पाहिल्या. काळा, जाड, सरळ कापलेला असेल तर पाकिटात. नसेल तर बाजूला. असे पन्नास केले. पाकिटावर लाख लावली, सही केली. एकही आकडा मी बदलला नाही, एकही खोटं वाक्य लिहिलं नाही. मी फक्त निवडलं. विज्ञानात याहून मोठं खोटं नाही, हे मला माहीत होतं.

तीनला माणूस येऊन पाकीट घेऊन गेला. साडेपाचला फोन वाजला.

"पन्नासच्या पन्नास आंबरचे," लेबोन म्हणाला.

"बरं."

"फारच स्वच्छ आहेत, मादाम. मला स्वच्छ गोष्टी आवडत नाहीत." तो जरा थांबला. "उरलेली वेणी उद्या सकाळी मागवतो. नीट ठेवा."

सातला बोट लागणार होती. उद्या दुपारी ती दोघींना घेऊन परत निघणार होती. मधल्या वेळात ती वेणी कोणाच्याही यंत्राखाली जाऊन चालणार नव्हतं. ती हरवली म्हणून मला जबाब द्यावा लागला तरी चालणार होतं. जाळली तर वास, आणि छतावर धूर ओळखणारी उपकरणं. पिशवीत घातली तर शेवंती. ती पिशवी उघडते, डबा उघडते, डब्यातला डबा उघडते.

मी स्वच्छतागृहात गेले. माझे केस आता मानेपर्यंत आहेत. त्यांचे तीन भाग केले, प्रत्येकात गंगावनाचा एकेक पदर घेतला आणि गुंफत गेले. सहा वर्षांत हात विसरले होते. पेड सैल येत होते, मान जड वाटत होती. आरशात मी सहा वर्षांपूर्वीची दिसत होते, आणि थोडी आईसारखी. थोडी मावशीसारखीही असणार. तोंडवळा एकच आहे.

फाटकावर माझ्या पुढे कोणी नव्हतं. शेवंतीने पिशवी उघडली, डबा उघडला. मग ती थांबली. तिने डबा बंद केला आणि माझ्या डोक्याकडे पाहिलं. आज दुपारपर्यंत तिथे वेणी नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"आज वेणी, मॅडम?"

"हो."

"भावजयीला पत्र आलंय," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "फेरतपासणीला बोलावलंय. तीही गंगावन लावून गेली होती. मी तेव्हाच म्हणत होते, ती कुठे गेलेलीच नाही. पण ऐकतो कोण."

मी पिशवी खांद्याला लावली.

"वळा."

मी वळले. मानेवर तिची बोटं आली. माझे केस जिथे संपतात आणि गंगावन जिथे सुरू होतं, नेमकी तीच जागा त्या बोटांना सापडली. ती तिथे क्षणभर थांबली. माझ्यासमोर फाटक उघडं होतं आणि त्याच्यापलीकडे समुद्र.

"असं नाही बांधत," शेवंती म्हणाली. "तिसरा पेड सुटतोय." तिने तो ओढून घट्ट केला, आपल्या अंबाड्यातला एक आकडा काढला आणि माझ्या वेणीत खोचला. "आता नाही निघायची. जावा."